घाटात पुढची जागा ज्येष्ठांना

चिखलदऱ्याला जायचे ठरले की घरातील ज्येष्ठ बहुधा म्हणतात, "तुम्ही जाऊन या, मला घाट सोसत नाही." वाचकहो, हे बोलणे लगेच मान्य करू नका. त्यामागे पुष्कळदा प्रकृतीपेक्षा, आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल हा संकोच असतो.

अमरावतीहून थेट, अकोल्याहून दर्यापूर-अंजनगाव सुर्जीमार्गे परतवाडा गाठावे. तिथवर कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा सोबत करतात. पुढे रस्ता सातपुड्याच्या गाविलगड रांगेत चढू लागतो. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. आल्प्समधील स्टेल्व्हिओ खिंडीचा रस्ता २,७५७ मीटरवर जातो. तेथे विरळ हवा बाधू शकते. आपल्या घाटात बाधतात ती मुख्यतः वळणे. डोळ्यांना गाडीचा अंतर्भाग स्थिर दिसतो, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र हालचाल कळवते. या विसंगतीतून मळमळ होते.

म्हणून पुढची जागा ज्येष्ठांना द्यावी आणि दृष्टी दूरच्या रस्त्यावर ठेवण्यास सांगावे. निघताना पोट रिकामे नसावे, भरगच्चही नसावे. कानाला दडे बसल्यास आवंढा गिळावा. वारंवार लघवीला जावे लागेल या धास्तीने अनेक जण पाणी, कधी रक्तदाबाची गोळीही टाळतात. तसे होऊ देऊ नये. त्यांनी सांगण्याची वाट न पाहता परतवाड्यात गाडी थांबवावी. मळमळीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते; काचबिंदू वा प्रोस्टेटचा त्रास असल्यास त्या अपायकारक ठरू शकतात. त्या डॉक्टरांना विचारूनच द्याव्यात. नुकताच हृदयविकार झालेला असल्यास किंवा धाप लागत असल्यास प्रवासापूर्वीच त्यांचा सल्ला घ्यावा.

वर पोहोचल्यावर स्वेटर हाताशी असू द्यावा. पायऱ्या निसरड्या असतील तर उतरण्याचा आग्रह नको. दरीच्या काठी, कठड्याच्या आत खुर्ची टाकली तरी पुरे.

भीमाने कीचकाला मारून दरीत लोटले, भीमकुंडात हात धुतले, आणि कीचकाच्या दरीवरून चिखलदरा हे नाव पडले, अशी लोककथा आहे. नातवंडांना ती आजी-आजोबांच्या तोंडून ऐकू द्या. कथा सांगणारेच घरी राहिले, तर मुले घाट चढून नुसती दरी पाहून परततील.