दर गुरुवारी ऋतू बदलतो

मैत्रिणींनो, ऋतू बदलला हे आपल्याला कुणी येऊन सांगावं लागत नाही. माठ माळ्यावर जातो, गोधड्या खाली येतात, वाळवणाचे डबे पुसून ठेवले जातात, की समजायचं. पण २०२३-२४ सालात आमच्या घरी आणखी एका ठिकाणी ऋतू बदलत असे, आणि तोसुद्धा दर गुरुवारी रात्री बरोबर आठ वाजता! एक आठवडा पाऊस, दुसरा वादळी, तिसरा कोरड्या थंडीचा, चौथा कडक उन्हाचा. चार आठवड्यांत वर्ष पुरं.

हा सगळा कारभार मोटारींच्या शर्यतीच्या एका व्हिडिओ खेळाचा. 'फोर्झा होरायझन ५' त्याचं नाव. इंग्लंडात लीमिंग्टन स्पा नावाचं गाव आहे, तिथल्या 'प्लेग्राउंड गेम्स' या कंपनीनं तो केला आणि २०२१ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टनं बाजारात आणला. खेळातला देश मात्र मेक्सिको. तुम्ही म्हणाल, आमटी-भाकरी करणाऱ्या बाईला हे कशाला माहीत हवं? तेच सांगते. आमचा धाकटा त्या वर्षी बारावीला होता आणि गुरुवारी आठ वाजता तो जागचा हलत नसे. ज्या गोष्टीपायी घरातलं ताट गार होतं, ती गोष्ट नुसती नावं ठेवून कळत नाही. म्हणून मटार सोलायचं निमित्त करून मी शेजारी बसू लागले आणि विचारू लागले. मुलं सांगतात बरं का! आपण खरंच ऐकतोय असं दिसलं, की भरभरून सांगतात.

तर असं असतं. पूर्वी खेळ विकत आणला की त्यात होतं तेवढंच असायचं. सापशिडीचा पट बदलतो का? या खेळांत तसं नाही. कंपनी दर चार आठवड्यांनी नवी मालिका सोडते. त्यात नव्या गाड्या, नव्या स्पर्धा, कधी सणाची सजावट. एका मालिकेत चार ऋतू, म्हणजे चार गुरुवार. बदलाची वेळ सगळ्या जगाला एकच. ती आपल्याकडे रात्रीचे आठ, तर इंग्लंडात दुपार आणि अमेरिकेत सकाळ. मार्गशीर्षातल्या गुरुवारी माझा नैवेद्य, उपास सोडायची घाई आणि याचा नवा ऋतू अगदी एकाच मुहूर्तावर! सासूबाई म्हणाल्या, "याचंही व्रतच दिसतंय, फक्त उद्यापन कधी ते विचार."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. प्रत्येक ऋतूत करायच्या कामांची यादी येते. अमुक गाडीनं शर्यत जिंक, तमुक ठिकाणी वेगाची पट्टी गाठ, उंचवट्यावरून लांब उडी मार, एखाद्या देवळाचा नाहीतर तळ्याचा फोटो काढ, कोड्यावरून खजिना शोध. प्रत्येक कामाला गुण. वीस गुण झाले की एक गाडी बक्षीस, चाळीस झाले की दुसरी. चारही ऋतूंचे मिळून ऐंशी आणि एकशे साठ झाले, तर आणखी दोन. गाडी म्हणजे अर्थात चित्रातली. पण ती त्याच आठवड्यात मिळायची. पुढच्या गुरुवारी आठ वाजले की यादी पुसली जाते आणि नवी येते.

सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. साड्यांच्या दुकानावर 'शेवटचे तीन दिवस' अशी पाटी लागली की आपले पाय कसे वळतात? कपाटात साड्या असतातच. ओढ त्या 'शेवटचे' या शब्दाची असते. मुलाला बोलावणारी गाडीही तशीच. त्याच्याकडे चारशे गाड्या पडून होत्या, पण या आठवड्यातली गेली तर? हे 'गेली तर' कंपनीनं विचारपूर्वक बसवलेलं असतं. खेळ संपवून लोक उठून जाऊ नयेत, दर आठवड्याला परत यावेत, यासाठीच ऋतू आणि यादी.

बरं, खेळ वाईट होता का? तर नाही. युरोपात त्याला तीन वर्षांपुढच्या कुणालाही चालेल असा शिक्का आहे. मारामारी नाही, रक्त नाही. आणि खरं सांगू, बघायला देखणा! पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की डबकी भरायची, माळ हिरवे व्हायचे. दुसऱ्या आठवड्यात वादळात माड असे वाकायचे की कोकणातल्या माझ्या माहेरची आठवण यावी. खऱ्या मेक्सिकोतही पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर, आपल्यासारखाच. ग्वानाहुआतो नावाचं डोंगरातलं एक गाव त्यात आहे. लाल, पिवळी, निळी घरं आणि गावाच्या पोटातून जाणारे बोगदे. ते गाव खरोखरीचं आहे. पुराचं पाणी वळवायला पूर्वी बोगदे काढले, पुढे त्यांतून रस्ते केले. सासूबाई जपमाळ हातात धरून बघत बसायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "हळू चालव रे, वळण आहे."

आता घरातली गोष्ट सांगते. आमचा थोरला बेंगळुरूला नोकरीला असतो. आमचं गावात कापडाचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं. थोरल्यानं ते चालवावं अशी यांची इच्छा होती. त्यानं 'नाही' म्हटलं. शब्दाला शब्द वाढला आणि दीड वर्ष बापलेकांचं बोलणं बंद झालं. त्याचा फोन मला यायचा, पण त्यात काय असतं? जेवलास का, जेवलो. बरा आहेस ना, बरा आहे. पुढे दोघांकडेही शब्द नसत.

त्यानं नवा एक्सबॉक्स घेतला तेव्हा जुना धाकट्याला पाठवला होता. गुरुवारी आठ वाजता दोघे भाऊ खेळात भेटायचे. कानाला हेडफोन, त्यामुळे मला धाकट्याचंच बोलणं ऐकू यायचं. एकदा त्यानं काय कळ फिरवली कोण जाणे, पण थोरल्याचा आवाज टीव्हीतूनही येऊ लागला. "अरे, डावीकडून घे, तिथे चिखल आहे!" सासूबाई दचकल्याच. हे आतल्या खोलीत हिशेबाची वही घेऊन बसले होते. उठून आले नाहीत. पण आतल्या पंख्याची घरघर थांबली. नोव्हेंबरातल्या उकाड्यात पंखा बंद करून कुणी हिशेब करतो का?

शर्यत चालू असताना थोरला धाकट्याशी जे बोलायचा ते फोनवर मला कधी सांगितलं नसतं. साहेब कटकट करतो, डबेवाली चांगली आहे पण भात कच्चा देते, पाठ दुखते. हात गुंतलेले असले की माणसाची जीभ सैल सुटते. आपलं नाही का, पापड लाटताना होतं? समोरासमोर बसवून विचारलं तर जावा-जावा गप्प, आणि पोळपाट पुढे आला की सगळं बाहेर!

दिवाळी झाली आणि प्रश्न उभा राहिला. बारावीची परीक्षा २०२४ च्या फेब्रुवारीत. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "कपाटात कुलूपबंद करून ठेवा तो डबा." यांचंही तेच मत. अभ्यासाचं मोल मलाही कळतं. पण तो डबा कुलपात ठेवला, की आठवड्यातून एकदा घरात येणारा एक आवाजही कुलपात जाणार होता. हे बोलून दाखवलं नाही. यांनाही ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते एकदा म्हणाले आणि पुन्हा म्हणाले नाहीत.

मी वही-पेन्सिल घेऊन धाकट्यासमोर बसले. म्हटलं, तुझी यादी दाखव. कुठल्या कामाला किती वेळ, किती गुण? तेव्हा लक्षात आलं, की ऋतू आठ वाजता बदलतो खरा, पण तो पुढे सात दिवस असतो! आठ वाजता हजर राहिल्याचा एकही गुण नाही. शिवाय चाळीस गुणांना सगळी यादी करावीच लागत नव्हती. दोन-चार मोठ्या शर्यती आणि थोडी किरकोळ कामं, की झालं. तासा-दीड तासाचं काम. बाकी नुसतं घुटमळणं.

मग ठरलं ते असं. गुरुवारी साडेआठला सगळ्यांनी एकत्र जेवायचं. नऊ ते दहा खेळ, थोरल्यालाही तीच वेळ कळवायची. बाकी सहा दिवस डबा बंद. थोरला लगेच कबूल झाला. म्हणाला, "आई, तसंही आठला मी ऑफिसातून धावतच येतो." म्हणजे त्या आठच्या ठोक्यासाठी तिकडे तोही उपाशीच धावत होता!

तुमच्याही घरी असा एखादा खेळ असेल. तो शर्यतीचा असो की आणखी कसला, ऋतू आणि याद्या आता पुष्कळ खेळांत असतात. म्हणून चार गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे, इतरांबरोबरची शर्यत मध्येच थांबवता येत नाही. 'ताबडतोब ऊठ' म्हटलं की भांडण होणारच. एक शर्यत साधारण चार-पाच मिनिटांची असते. 'ही झाली की ऊठ' असं म्हणा आणि मग मात्र शब्द पाळायला लावा. यात एक 'ट्रायल' नावाचा प्रकार असतो, सहा खरे खेळाडू एका बाजूला आणि संगणकाच्या गाड्या दुसरीकडे. तीनपैकी दोन शर्यती जिंकायच्या. तिथून उठला तर बाकी पाच जण अडचणीत येतात. ती जेवणाआधी सुरूच करायची नाही.

दुसरी, पैशांची. या खेळात गुणांवर मिळणाऱ्या गाड्या फुकट असल्या, तरी काही गाड्यांचे संच आणि नवे प्रदेश वेगळे विकत घ्यावे लागतात. २०२२ च्या जुलैत 'हॉट व्हील्स' आणि २०२३ च्या मार्चमध्ये 'रॅली अॅडव्हेंचर' असे दोन प्रदेश आले. कार्डाचा नंबर यंत्रात साठवून ठेवू नका, आणि खरेदीला तुमची परवानगी लागेल अशी सोय असते ती करून घ्या.

तिसरी, हा जुगार नव्हे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा आमच्या भिशीत दोघी-तिघींनी विचारलं, "आता तुमचाही बंद ना?" त्यात पैज नाही, जिंकून पैसे मिळत नाहीत, म्हणून तो त्या बंदीत बसत नाही. पण मुलाचा खेळ कुठल्या जातीचा आहे हे आईला माहीत असलेलं बरं.

चौथी, चुकलेली गाडी कायमची जाते असं नाही. पुष्कळदा ती पुढच्या एखाद्या मालिकेत परत येते, नाहीतर खेळातल्याच लिलावात खेळातल्याच पैशांनी मिळते. हे मुलांना माहीत असतं, पण आठ वाजता आठवत नाही.

आणि एक गोष्ट थोरल्याकडून कळली. याच्या आधीचा चौथा खेळ ब्रिटनमधला होता. त्यात हिवाळ्याच्या आठवड्यात सगळीकडे बर्फ पडायचं, तळं गोठायचं आणि त्यावरून गाडी नेता यायची. ऑक्टोबर २०१८ पासून त्याच्या ७७ मालिका आल्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शेवटची संपली आणि १५ डिसेंबर २०२४ ला तो खेळ विक्रीतूनच काढला. कारण गाड्यांची नावं आणि गाणी वापरायचे परवाने ठराविक मुदतीचेच असतात. ज्यांनी आधी घेतला होता त्यांना खेळता येतो, नव्यानं कुणाला मिळत नाही. "किती गाड्या जमवल्या होत्यास?" मी विचारलं. "सहाशेच्या वर असतील." "मग?" "मग काय, आई! त्या गाड्या कोण बघतंय? पण त्या बर्फावरून धाकटा पहिल्यांदा घसरला तेव्हा किती हसलो होतो, ते आठवतं."

बारावीचे गुण बरे पडले. फार नव्हेत, पण हव्या त्या कॉलेजला पुरले. ऋतूंमुळे कमी झाले की त्यांच्यामुळे टिकले, याचा हिशेब मी मांडलेला नाही. दुकानाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण परीक्षेआधीच्या एका गुरुवारी शर्यत चालू असताना हे बाहेर आले, पाणी प्यायल्यासारखं केलं आणि टीव्हीकडे न बघता धाकट्याला म्हणाले, "विचार त्याला, पाठीला तेल लावतो का." तिकडून क्षणभर आवाज नाही. मग थोरला म्हणाला, "सांग बाबांना, लावतो." आणि त्याची गाडी कुंपणावर आदळली.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुठल्या वारी कुठला ऋतू बदलतो, ते एकदा शेजारी बसून बघा. घड्याळ आपल्याच हातात ठेवा, पण कान मात्र उघडे असू द्या.