'घरीच असते'

मी पवनानगरची. श्रम आणि सार्वजनिक धोरण या अर्थशास्त्राच्या शाखेत पीएच.डी. केली. त्यात माझं जवळजवळ एक वर्ष एका चुकीच्या प्रश्नापायी गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून लिहिते आहे.

नेट-जेआरएफ दुसऱ्या खेपेला मिळाली. 2016 साली नोंदणी झाली. विषय होता मावळातल्या बायकांचं शेतातलं काम. सकाळी एसटीने कामशेत, तिथून लोकलने पुण्यात शिवाजीनगर. फेलोशिपचे पैसे पहिले सात महिने आलेच नाहीत. शिकवण्या घेऊन भागवलं. सहा-आठ महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच यात उतरा.

2017च्या जुलैत पाहणी सुरू केली. पहिला प्रश्न होता, 'तुम्ही काम करता का?' भातलावणीचे दिवस. बायका चिखलाचे पाय धुऊन ओट्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, "नाय गं, घरीच असते." मी 'घरकाम' लिहून पुढच्या दारी. अशी 60 घरं झाली.

एका रात्री आईने फॉर्म चाळायला घेतले. शेजारच्या काकूंचा वाचून म्हणाली, "ही घरी असती? काल इर्जिकीला दिवसभर माझ्या शेजारी वाकली व्हती." (इर्जिक म्हणजे एकमेकांच्या शेतावर मिळून केलेलं काम.) मग विचारलं, "माझं काय लिवलंस?" आईच्या नावापुढेही 'घरकाम'च होतं. मला तिच्याकडे बघवेना.

मार्गदर्शक बाई रागावल्या नाहीत. आधी सरकारी व्याख्या मुळातून वाच, म्हणाल्या. गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात बसून वाचल्या. घरच्या शेतात मजुरीशिवाय राबणारी बाई राष्ट्रीय रोजगार पाहणीतही कामकरीच धरतात. म्हणजे इथे व्याख्या ठीक होती, विचारणं माझं चुकलं होतं. पण सगळंच ठीक नव्हतं. घरकामाबरोबर सरपण, वैरण आणणाऱ्या बाईला 93 हा संकेतांक मिळतो आणि ती श्रमशक्तीबाहेर जाते. उलट, आठवड्यात एक तास काम केलं तरी साप्ताहिक हिशेबात माणूस रोजगारात येतो. आमच्या धरणाकाठी पर्यटकांसाठी लावलेल्या तंबूंवर फक्त शनिवार-रविवार राबणारी पोरं त्या हिशेबात कामावर असतात. ती बाकीचे पाच दिवस काय करतात, हे मला शेजारी म्हणून माहीत होतं.

मग पहिला प्रश्न काढून टाकला. 'काल उठल्यापासून काय काय केलंत?' असं तासातासाने विचारलं. त्यासाठी पुढच्या लावणीची वाट बघावी लागली. 60 घरी पुन्हा गेले. काही बायका वैतागल्या, चार घरांनी नको म्हटलं. जुने फॉर्म मात्र जपून ठेवा. एकाच बाईची दोन वेगळी उत्तरं, यावरच माझ्या प्रबंधाचं सगळ्यात भक्कम प्रकरण उभं राहिलं.

2019 साली केंद्राने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. पहाटे 4 ते दुसऱ्या पहाटे 4, अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद. ते वाचून धीर आला. आपण वेडेपणा केला नव्हता.

प्रबंध झाला, पण कायम नोकरी अजून नाही. तासिका तत्त्वावर शिकवते. पैसे तासांवर, सुट्टीत काही नाही. विद्यार्थ्यांना पहिला फॉर्म स्वतःच्या घरी भरायला लावते. परवा एकीने तिच्या आईचा आणला. तिला मागे जादा कागद टाचावा लागला होता.