गॉटिंगेनचे सात आणि बाकीचे

एखाद्या विद्यापीठाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे लेखणी आपोआप थोर नावांच्या यादीकडे वळते. गॉटिंगेनच्या बाबतीत तर हा मोह आवरणे फारच कठीण. गाउस, रीमान, हिल्बर्ट ही तीन नावे घेतली तरी गणिताचे एक सबंध शतक डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु कुळाची परीक्षा जशी वैभवाच्या दिवसांत होत नाही, तशी ती विद्यापीठाचीही होत नाही असे मला वाटते. त्यासाठी संकटाचा दिवसच पाहावा लागतो. आणि असे दिवस ह्या विद्यापीठाने दोनदा तरी पाहिले आहेत.

१३८६ साली स्थापन झालेल्या हायडेलबर्गच्या मानाने गॉटिंगेन हे धाकटेच म्हणावयाचे. हानोव्हरचा अधिपती व इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज ह्याच्या नावाने ते १७३७ साली समारंभपूर्वक स्थापन झाले. पण त्याचा खरा कर्ता म्हणजे राजाचा मंत्री म्युन्खहाउझेन. धर्मशास्त्राच्या अध्यापकांनी इतर शाखांच्या लिखाणावर पहारा ठेवावा, अशी त्या काळी अन्यत्र रीत होती. म्युन्खहाउझेनने तो हक्क येथे त्यांस दिलाच नाही. ग्रंथालयावर त्याने सढळ हाताने खर्च केला. भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी गेस्नर ह्या पंडिताने जो वर्ग काढला, त्यात विद्यार्थ्याने केवळ ऐकून उतरून न घेता प्राचीन ग्रंथ हाती धरून स्वतः अर्थ लावावयाचा असे. हे सारे स्वातंत्र्य उदार होते, ह्यात शंका नाही. मात्र ते दरबाराने दिलेले होते, ही गोष्ट विसरता कामा नये.

त्या उदारतेस मर्यादाही होत्या. तेओडोर बेन्फाय ह्या पंडिताने १८५९ साली आपले ‘पंचतंत्र’ जर्मन भाषेत उतरविले आणि त्यातील कथा देशोदेशी कशा फिरल्या हे दीर्घ प्रस्तावनेत दाखविले. तो १८३४ पासून गॉटिंगेन येथे शिकवीत होता. पण ‘प्रिवाटडोट्सेंट’ म्हणून, म्हणजे विद्यापीठाचे वेतन न घेता, विद्यार्थी जी फी देतील तीवर. तो जन्माने यहुदी होता. १८४८ साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यास लहानसे पद मिळाले, आणि पूर्ण प्राध्यापक होण्यास १८६२ साल उजाडावे लागले. त्याच्यामागून १८८२ साली त्या आसनावर आला तो फ्रान्झ कीलहॉर्न. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८६६ पासून १८८१ पर्यंत संस्कृत शिकविलेला, आणि पतंजलीच्या महाभाष्याची शुद्ध आवृत्ती आपल्या हाती देणारा. पुढे १८८५ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांस ह्याच विद्यापीठाने डॉक्टर ही पदवी अर्पण केली. आम्हां मराठी वाचकांचा गॉटिंगेनशी जो ऋणानुबंध आहे तो असा.

आता पहिली कसोटी. १८३७ च्या सप्टेंबरात विद्यापीठाने आपली शताब्दी थाटाने साजरी केली. त्याच वर्षी हानोव्हरच्या गादीवर बसलेल्या एर्न्स्ट आउगुस्टने नोव्हेंबरच्या आरंभी १८३३ ची राज्यघटना रद्द केली. त्या घटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ अध्यापकांनी घेतलेली होती. १८ नोव्हेंबर रोजी डाल्मान, आल्ब्रेख्त, याकोब व विल्हेल्म हे ग्रिम बंधू, गेर्विनुस, एवाल्ट व वेबर अशा सात जणांनी आपली शपथ मोडली जाणार नाही असे लिहून कळविले. शिक्षक शपथेशी खेळतो असे एकदा विद्यार्थ्यांस दिसले म्हणजे त्याच्या शिकवण्यास वजन राहत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. विद्यार्थ्यांनी त्या पत्राच्या नकला करून त्या सर्वत्र पसरविल्या. डिसेंबरात सातही जण बडतर्फ झाले. त्यांतील डाल्मान, याकोब ग्रिम व गेर्विनुस ह्यांस तर तीन दिवसांत राज्याबाहेर जावे लागले. ग्रिम बंधूंनी ज्या जर्मन शब्दकोशाचे काम पुढल्याच वर्षी अंगावर घेतले, तो १९६१ साली पुरा झाला.

मी ही हकीकत जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा त्या सातांहून अधिक वेळ माझे मन गाउसपाशी घोटाळते. एवाल्ट हा त्याचा जावई. वेबर हा त्याचा जिवलग सहकारी. दोघांनी मिळून १८३३ साली शहराच्या छपरांवरून तारा नेऊन विद्युत्संदेश धाडले होते. गाउसने मात्र सही केली नाही. त्याचे वय साठ वर्षांचे होते, घरात नव्वदी उलटलेली अंध आई होती, आणि वेधशाळा हेच त्याचे जग होते. जावयाबरोबर मुलगी ट्यूबिंगेन येथे गेली व १८४० साली तेथेच वारली. त्यास भ्याड म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. आपण त्या ठिकाणी असतो तर सातांत असतो की बाकीच्यांत, ह्या प्रश्नाचे उत्तर मी स्वतःशीही छातीठोकपणे देऊ शकत नाही. मौनालाही कारणे असतात, आणि पुष्कळदा ती सज्जनाची कारणे असतात. हेच ह्या प्रकरणातील खरे दुःख आहे.

दुसरी कसोटी १९३३ साली आली. एप्रिलच्या कायद्याने यहुदी वंशाच्या अध्यापकांस सरकारी नोकरीतून काढण्याचे ठरले. मॅक्स बोर्न, रिचर्ड कूरान्ट, एमी न्योटर ह्यांस अध्यापन थांबवावे लागले. जेम्स फ्रांक ह्या नोबेल पारितोषिकप्राप्त पदार्थविज्ञानवेत्त्यास पहिल्या महायुद्धात लढल्यामुळे कायद्यातून सूट होती. तरीही १७ एप्रिल रोजी त्याने आपण होऊन राजीनामा दिला व तो उघडपणे दिला. त्याच्या पाठीशी किती जण उभे राहिले? गॉटिंगेनच्या ४२ अध्यापकांनी सही करून पत्रक काढले खरे, पण ते फ्रांकचा निषेध करणारे होते. ९६ वर्षांपूर्वी बहुसंख्य केवळ गप्प बसले होते. ह्या खेपेस मौनाने भागले नाही, आणि सह्या दुसऱ्याच बाजूस पडल्या. शताब्दीच्या वर्षीच्या त्या सात जणांचा अभिमान त्यांतील कित्येकांस खचितच असेल. पूर्वजांच्या धैर्याचा अभिमान बाळगण्यास धैर्य लागत नाही.

१९५३ साली गॉटिंगेन शहराने फ्रांक, बोर्न व कूरान्ट ह्यांस सन्माननीय नागरिकत्व दिले. विद्यापीठाच्या आवारातील मुख्य चौकास आज त्या सात जणांचे नाव आहे, आणि रोज हजारो विद्यार्थी पुस्तके बगलेत मारून तो ओलांडतात. हे योग्यच झाले. पण म्युन्खहाउझेनने स्वातंत्र्य दिले, ग्रंथालय दिले, ग्रंथ वाचण्याची रीत दिली; ह्यांतील ग्रंथालय व रीत वारशाने पुढे चालत आली. स्वातंत्र्य तसे चालत येत नाही. ते प्रत्येक पिढीतील अध्यापकास आपल्या सहीने नव्याने घ्यावे लागते, आणि कागद पुढे येतो तेव्हा विचार करावयास फार वेळ मिळत नाही.