हवेची पकड

मराठी माणूस आणि गोल्फ ही जोडी जरा विजोडच. गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर निवृत्त कर्नलसाहेब येतात, नाहीतर हिंदी सिनेमातला पांढरे बूट घातलेला उद्योगपती. अमेरिकेत येईपर्यंत मीही त्याच मताचा होतो. ऑस्टिनला आल्यावर कळलं की इथे चक्क महापालिकेची गोल्फ मैदानं असतात आणि तिथे प्लंबरपासून प्रोफेसरपर्यंत सगळे पैसे भरून आपला नंबर यायची वाट बघत उभे राहतात.

असो. गोल्फ कसं खेळावं हा आजचा विषय नाही (त्यावर मी काही बोलणं म्हणजे... जाऊ दे!). विषय आहे गोल्फ क्लबच्या दांड्यावर बसवलेलं रबर, म्हणजे ग्रिप. ती घरच्या घरी, गॅरेजमध्ये, नुसत्या हवेने कशी बदलायची ते सांगतो. आणि त्या निमित्ताने बाबांबद्दलही थोडंसं.

क्लबच्या जाहिराती बघाल तर सगळी चर्चा डोक्याची असते. टायटॅनियम काय, कार्बन काय. पण खेळणाऱ्याचा हात लागतो तो फक्त ग्रिपला. ही ग्रिप म्हणजे साधारण दहा-साडेदहा इंचांची, एका टोकाला निमुळती होत गेलेली रबरी नळी. वरचं टोक बंद, आणि त्या टोपीच्या मधोमध एक बारीकसं भोक. घाम, हाताचं तेल, ऊन यांनी रबर कडक आणि गुळगुळीत होत जातं. टेक्सासच्या उन्हाळ्यात क्लब गाडीच्या डिकीत राहिले तर मग बघायलाच नको. वर्षातून एकदा किंवा चाळीसेक राउंडनंतर ग्रिप बदलावी असा इथला ठोकताळा आहे.

बदलायची रूढ पद्धत अशी: आकडीच्या पात्याने जुनी ग्रिप उभी कापायची, खालची टेप खरवडायची, नवी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप गुंडाळायची, तिच्यावर आणि ग्रिपच्या आत सॉल्व्हंट ओतायचं, आणि ते ओलं आहे तोवर एका दमात ग्रिप सरकवायची. मग काही तास वाळू द्यायचं. दांडा ग्रॅफाइटचा असेल तर कापताना पातं खोल जाऊन तंतूंना इजा व्हायची भीती. आणि मुख्य म्हणजे एकदा बसवलेली ग्रिप काढायची तर बहुतेक वेळा कापूनच काढावी लागते. म्हणजे 'बसवून बघू, नाही आवडली तर बदलू' हा प्रकार महागात पडतो. आमच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅक नाही!

आता बाबा.

बाबा चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. पहिल्यांदा इथे आले तेव्हा आठवड्याभरात कंटाळले. टीव्ही बघणार किती, आणि फुटपाथ नसलेल्या रस्त्यांवर फिरणार कुठे? म्हणून एका रविवारी त्यांना माझ्याबरोबर लायन्स म्युनिसिपलला घेऊन गेलो. ऑस्टिनकर त्याला लाडाने 'म्युनी' म्हणतात. मैदान १९२४ सालचं. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा निकाल १९५४चा, पण त्याच्या काही वर्षं आधीच या मैदानावर काळ्या लोकांना खेळू द्यायला सुरुवात झाली होती. दक्षिणेत असं करणाऱ्या अगदी पहिल्या मैदानांपैकी हे एक, आणि म्हणूनच २०१६ साली त्याची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंद झाली. हे सगळं मी बाबांना सांगितलं, कारण गाडीतून उतरताना ते "अरे, हे आपल्यासारख्यांचं नव्हे" असं म्हणत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग बघू तरी."

बघितलं, आणि अडकले. टर्नरचा हात तो. चेंडूला सरळ रेषेत हलका धक्का देणं त्यांना पहिल्या दिवसापासून जमलं. गराज सेलमधून त्यांच्यासाठी एक जुना संच घेतला. नियमाने चौदा क्लब बाळगता येतात, बाबांच्या पिशवीत नऊच. पुढच्या प्रत्येक खेपेला विमानतळावरून घरी येताना पहिला प्रश्न असायचा, "माझी पिशवी आहे ना?"

गेल्या उन्हाळ्यात आले तेव्हा दोन रविवार खेळले, आणि तिसऱ्या रविवारी म्हणाले, "तुम्ही जा. मी आज आराम करतो." चौथ्या रविवारी तेच. काय झालं विचारलं तर, "काही नाही रे, ऊन फार आहे." सकाळी सात वाजता!

त्या दुपारी मी त्यांचे क्लब पुसायला काढले आणि ग्रिप्स बघितल्या. आम्हा लोकांना काही बिघडलं की आधी लॉग वाचायची सवय. ग्रिप हाही एक लॉगच असतो. डाव्या हाताचा अंगठा टेकतो तिथे रबर चकचकीत होऊन खोलगट झालं होतं, आणि तळहाताच्या टाचेखाली दुसरा खड्डा. क्लब नको इतका आवळून धरला की अशी झीज होते. आणि ज्याला धरायला त्रास होतो, तोच आवळून धरतो.

आईला विचारलं. ती कणीक मळता मळता म्हणाली, "अरे, लोणच्याची बरणी उघडायला मला हाक मारतात हल्ली. पुण्याला डॉक्टरांनी सांगितलंय, अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे म्हणून. तुला सांगायचं नाही अशी ताकीद आहे."

सांधे दुखणाऱ्या हातांना जाड आणि मऊ ग्रिप सोयीची पडते, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बोटं कमी मिटावी लागतात. प्रश्न होता, किती जाड? बाजारात साधारण तीन मापं मिळतात. स्टँडर्ड, मिडसाइझ आणि जंबो. स्टँडर्डचा व्यास टोकापासून दोन इंचांवर साधारण ०.९ इंच, म्हणजे २३ मिलिमीटरच्या आसपास. मिडसाइझ त्याहून एक सोळांश इंच जाड, जंबो एक अष्टमांश. हाताच्या आकाराची खास ग्रिप बनवणं हा पर्याय नाही. पटर सोडून बाकी क्लबची ग्रिप गोलच हवी, फार तर एक सरळ बारीक उंचवटा चालतो, बोटांसाठी खाचा वगैरे नाहीत, असा नियम आहे. म्हणजे व्यास हा एकच आकडा आपल्या हातात. आणि तो ठरवणार कोण? दुकानदार नाही, मी नाही. बाबांचा हातच.

इथे हवा कामाला आली. गॅरेजमध्ये सहा गॅलनचा पॅनकेक कंप्रेसर होता, कुंपणाला खिळे मारायला घेतलेला. एअर गनला रबरी निमुळतं तोंड लावलं. दांड्यावरची जुनी टेप काढून साध्या एकबाजूच्या मास्किंग टेपचा एक थर दिला. क्लब रबराच्या गादीत शिकंजात धरला. ग्रिपचं तोंड दांड्याच्या टोकावर इंचभर चढवलं, टोपीच्या भोकात गन दाबली आणि हवा सोडली. कोंडलेल्या हवेने ग्रिप किंचित फुगते, अगदी मिलिमीटरच्या अंशाने. रबर आणि दांडा यांच्यामध्ये हवेचा पातळ थर तयार होतो, आणि ग्रिप बर्फावरून सरकावी तशी आत जाते. हवा बंद केली की रबर आकसतं आणि दांड्याला घट्ट धरतं. सॉल्व्हंट नाही, वास नाही, वाळायची वाट बघणं नाही. काढताना उलट. पुन्हा हवा सोडायची, पिळत ओढायचं, दहा सेकंदांत ग्रिप हातात. अख्खी! पुन्हा वापरता येते.

बाबा खुर्ची टाकून बसले होते. पहिली ग्रिप बसली तसे उठले.

"प्रेशर किती ठेवलंय?"

"सत्तर पीएसआय."

"म्हणजे पाच किलो." (कारखान्यातली माणसं दाब किलोतच मोजतात.) मग ग्रिप पिळून बघितली. हलली नाही. "हे तर प्रेस फिट आहे की! आम्ही बेअरिंग तेलात तापवून शाफ्टवर चढवायचो. गरम असताना फुगतं, थंड झालं की धरतं. इथे उष्णतेचं काम हवा करते, एवढंच."

पुढची ग्रिप त्यांनीच बसवली. गन मी धरली, सरकवलं त्यांनी. त्याआधी मला दम मिळाला, "चष्मा लाव. आणि हवेची नळी कुणाच्या अंगावर धरायची नाही, चेष्टेतही नाही." चौतीस वर्षांची शिस्त!

मग आम्ही रीतसर प्रयोग केला. ६, ७ आणि ८ नंबरच्या आयर्नवर तीन मापांच्या ग्रिप्स बसवल्या आणि शनिवारी सरावाच्या मैदानावर गेलो. पुढच्या शनिवारी ग्रिप्सची अदलाबदल, त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा. तीन शनिवारांत प्रत्येक माप प्रत्येक क्लबवर येऊन गेलं, म्हणजे गुण ग्रिपचा की क्लबचा हा घोळ उरला नाही. कापाकापीच्या पद्धतीत याला सहा ग्रिप्स फुकट गेल्या असत्या. आमची एकही गेली नाही.

बाबांनी खिशातल्या डायरीत रकाने आखले. तारीख, क्लब, ग्रिप, चेंडू कुठे गेला. आणि शेवटचा रकाना: 'दुखणं, दहापैकी'. हा रकाना मी सुचवलेला नव्हता. ज्या माणसाने महिनाभर उन्हावर ढकललं, तो प्रत्येक दहा चेंडूंनंतर चष्मा वर करून तिथे आकडा लिहीत होता. नव्या स्टँडर्डला सहा. मिडसाइझला तीन. जंबोला दोन.

मी म्हटलं, मग जंबोच घेऊ या. बाबा म्हणाले, "नको. दोनला चेंडू उजवीकडे जातो, आणि डोकं कुठे आहे ते हाताला कळत नाही. तीन चालेल." ते खरंही आहे. जाड ग्रिपमध्ये मनगट मोकळं वळत नाही, शिवाय ग्रिप जड झाली की क्लबचं डोकं हलकं वाटायला लागतं. मग मिडसाइझ, आणि उजव्या हाताखाली टेपचे दोन जादा थर, असं ठरलं. टेपच्या एका थराने व्यास साधारण पाव मिलिमीटर वाढतो. बाबांनी व्हर्निअर लावून आठही क्लब तपासले. पटरला हात लावू दिला नाही. "तो बरोबर आहे."

परतीच्या तिकिटाला दोन आठवडे उरले होते. दोन्ही रविवारी म्युनीवर खेळलो, सात वाजता. ऊन होतंच. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

घरी करून बघणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पन्नास-साठ पीएसआयपासून सुरुवात करा आणि लागेल तसं वाढवा. जास्त दाबाने ग्रिप फुग्यासारखी फुगून फाटू शकते, किंवा सुटून गोळीसारखी उडते, म्हणून चष्मा हवाच आणि समोर कुणी उभं नको. सुती दोऱ्याच्या कॉर्ड ग्रिप्स फारशा ताणल्या जात नाहीत, त्यांच्या बाबतीत हवा हट्टाला पेटत नाही, सॉल्व्हंटच बरं. जुनी ग्रिप दोन्ही बाजूंच्या टेपने चिकटवलेली असेल तर ती हवेने निघेलच असं नाही. आणि दांडा टोपीला आतून टेकेपर्यंत ग्रिप गेली का ते बघा, मगच हवा बंद करा. चिन्ह सरळ करायचं तेही हवा चालू असतानाच.

बाबा पुण्याला गेले त्याला आता काही महिने झाले. मध्यंतरी ऑफिसातल्या एका मित्राला गोल्फ शिकायची हुक्की आली, त्याने बाबांची पिशवी मागितली. त्याच्या हाताला त्या ग्रिप्स फार जाड. काढायला आठ क्लबना मिळून दोन-तीन मिनिटं लागली असती. त्याला माझी पिशवी दिली.

रविवारी फोन असतो. "हात कसा आहे?" विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बरा आहे." म्हणून हल्ली तसं विचारत नाही. "बाबा, आकडा किती?" असं विचारतो. ते जरा थांबतात, आणि सांगतात. गेल्या रविवारी चार होता.