कारिटाएवढा नरकासुर

पेडणे महालातील भुतांनाही पंचांग पाळावे लागते. आश्विनातील पौर्णिमा, म्हणजे आपली कोजागरी, आली की पेडणे गावात जी जत्रा भरते तिला गोमंतकात 'पेडण्याची पुनव' असेच म्हणतात. म्हापशाहून कोलवाळचा पूल ओलांडला, शापोरा नदी मागे टाकली, की हा उत्तरेकडील तालुका सुरू होतो. भगवतीच्या देवळापुढचे दोन प्रचंड दगडी हत्ती दिवसा पाहावेत; पुनव मात्र रात्रीची. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे, म्हणजे वस्त्रांनी मढविलेले उंच देवदंड, वाजतगाजत निघतात, आणि ज्यांना बाधा झाली असे घरच्यांना वाटते अशी माणसे दूरदूरहून तेथे आणली जातात. भूतनाथाविषयी लोक सांगतात ते मोठे गमतीचे आहे. आपले देऊळ एका रात्रीत उभे राहावे असा त्याचा हट्ट. तो पुरा होत नाही म्हणून तो रुसून रानाकडे धावतो, आणि मंडळी त्याची समजूत घालून त्याला परत आणतात. दरसाल तोच हट्ट आणि तीच समजूत. ज्या घरांत लहान मुले आहेत त्या घरांना हे दृश्य परके वाटू नये.

पुनवेला गेलो की माझे लक्ष तरंगांपेक्षा मुलांकडे अधिक जाते. बापाच्या खांद्यावर बसलेले पोर, हातात खाज्याचा पुडा (बेसनाच्या कांड्यांवर आले घातलेल्या गुळाचा पाक चढविलेला हा जत्रेतील खाऊ), डोळे विस्फारलेले. भीती तर वाटते आहे, पण खाली उतरायचे नाही आणि घरीही जायचे नाही. भीती आणि खाऊ यांची ही जोडी गोव्यात फार जुनी आहे.

गोवा म्हटले की समुद्रकिनारा आणि चर्च एवढेच ज्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहते, अशा इंदूर-बडोद्याकडील वाचकांना पेडणे, डिचोली, सत्तरी हा डोंगरांचा आणि कुळागरांचा भाग ठाऊक असण्याचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या हाती गेलेला हा मुलूख. त्यामुळे येथील देवस्थाने, जत्रा आणि मराठी शाळा बऱ्याचशा आपल्या जागी राहिल्या. भुतेही राहिली. डिचोली तालुक्यातील साळ गावी होळीच्या पौर्णिमेपासून गड्यांचा उत्सव होतो, त्यात अंगात आलेले गडे रात्री रानात धावतात, आणि दूरवर दिसणाऱ्या दिवट्या देवचाराच्या आहेत असे सारा गाव मानतो. देवचार हा राक्षस नव्हे. तो गावाचा राखणदार, खांद्यावर घोंगडी आणि हातात दांडा घेऊन रात्री सीमेवरून फिरणारा. त्याला रोट द्यावा लागतो. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.

म्हापशाहून अस्नोड्यावरून डिचोलीच्या बाजारात दिवाळीच्या आदल्या दिवशी यावे. झेंडू, आकाशकंदील, नव्या भाताचे पोहे, आणि पाटीच्या एका कोपऱ्यात सुपारीपेक्षा थोडी मोठी, हिरवी-पिवळी, पट्ट्यांची फळे. हेच कारीट. काकडीच्याच कुळातील ही रानवेल पाऊस सरता सरता शेताच्या बांधावर आणि कुंपणावर पसरते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की तुळशीवृंदावनापाशी कारीट ठेवून डाव्या पायाच्या अंगठ्याने चिरडायचे, 'गोविंदा, गोविंदा' म्हणायचे, आणि त्याच्या कडूजहर रसाचा थेंब जिभेला लावायचा. प्राग्ज्योतिषपूरचा तो बलाढ्य असुर, सोळा सहस्र स्त्रियांना बंदीत टाकणारा, येथे चार वर्षांच्या मुलाच्या पायाखाली मावतो. त्यानंतर पोहे: दुधातले, ताकातले, गुळातले, नारळाच्या रसातले, फोडणीचे, बटाट्याचे, आणि सोबत आंबाड्याचे करम. बटाटा हा शब्द आणि ते कंदही पोर्तुगीजांच्या वाटेने आले, पण नरकासुराच्या पंगतीत आज त्यांना कोणी परके म्हणत नाही. जिभेवर आधी कडू, मग आंबट-गोड. आमच्या पूर्वजांना बालमानसशास्त्राची पदवी नव्हती, तरी त्यांना एवढे कळत होते.

आता नरकासुर वाढला आहे. बांबू, गवत, कागद आणि फटाके यांनी भरलेला पुतळा पूर्वी वाड्यावरची मुले करीत आणि पहाटे जाळीत. आज तो दुमजली घराएवढा होतो, त्याच्या स्पर्धा लागतात, बक्षिसे जाहीर होतात, आणि ध्वनिवर्धकाच्या गर्जनेत रात्रभर कोणाला झोप लागत नाही. कृष्ण मात्र त्याच्यापुढे एखाद्या पाटावर उभा असलेला केविलवाणा बालक. लहान मुलांकडे उरते ते रस्त्यावर दोरी आडवी धरून वाहने अडविण्याचे आणि वर्गणी मागण्याचे काम. जमलेल्या पैशांचे काय होते ते शाळेच्या आवारात पडलेल्या कुरकुऱ्यांच्या चकचकीत पिशव्या सांगतात. मुलांच्या हातून राक्षस गेला, हे मला अधिक लागते. ज्याला आपण घडवले त्याची भीती सरते. ज्याच्याभोवती नुसते उभे राहायचे त्याची सरत नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या शनिवारी आमच्या शाळेत आम्ही भाज्यांचे नरकासुर करतो. साहित्य मुलांनीच घरून आणायचे. तवसे म्हणजे जाड सालीची गावठी काकडी. ते झाले धड. त्याच्यावर उकडलेल्या रताळ्याचे किंवा करांद्याचे डोके. करांदा तर जन्मजातच राक्षस: ओबडधोबड, केसाळ, डागाळलेला, त्याला मीठ घालून उकडले, साल काढली, की आतून मऊ आणि पिठूळ निघतो. दात मुळ्याच्या पातळ कापांचे, जीभ गाजराची, डोळे उकडलेल्या काळ्या वाटाण्याचे, मुकुट भेंडीच्या चकत्यांचा. शिंगांना हरमलची मिरची हवी असा एका मुलाचा आग्रह होता. हरमल पेडण्यातच, त्यामुळे अभिमानाचा प्रश्न. शिंगे ठेवली, पण ती खायची नाहीत असा ठराव झाला. हातपाय जोडायला नारळाच्या झावळीचे हीर. विळी मुलांच्या हाती देत नाही. ते काम माध्यान्ह आहार शिजविणाऱ्या बायका करतात, आणि त्याच तवशाचे टोक कापून चाखून पाहतात. हे चाखणे सोडू नये. काकडी, दुधी, दोडका यांच्यात कधीकधी कारिटासारखेच कडू द्रव्य उतरते, शास्त्रज्ञ त्याला कुकरबिटासिन म्हणतात. त्याने उलट्या आणि पोटात मुरडा होतो. कडू लागले तर सगळे तवसे टाकून द्यावे, साखर-मिठाने झाकू नये.

मुळ्याला नाक मुरडणारी मुले राक्षसाचे दात मात्र कराकरा खातात. यात जादू नाही. आपण केलेली वस्तू दुसऱ्याने खाण्यापूर्वी आपण खावी, एवढाच तो स्वार्थ. सगळ्यांनीच मुळा खाल्ला असे मी म्हणत नाही. दोन ताटांखाली दात लपवलेले सापडले.

गेल्या खेपेस तिसरीतल्या एका मुलाने नरकासुर न करता देवचार केला. उकडलेले रताळे, हातात शेवग्याच्या शेंगेचा दांडा, आणि घोंगडीसाठी त्याने अळूचे पान आणले होते. कच्चे अळू घशाला खाजते म्हणून ते काढून हळदीचे पान गुंडाळले. हा मुलगा संध्याकाळी वहाळावरच्या साकवावरून एकटा जात नसे, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. खाण्याची वेळ झाली. इतरांनी नरकासुरांचा फडशा पाडला. हा बसून राहिला. मी विचारले, "का रे बाबा, खात नाहीस?"

"देवचाराक कसो खातलो, सर? तो आमचो." असे म्हणून त्याने तो पुतळा खिडकीत ठेवला आणि शेजाऱ्याच्या नरकासुराचे अर्धे धड त्याच्यापुढे रोट म्हणून वाढले.

दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत आली. देवचाराची थट्टा चालत नाही, असे तिने मला स्पष्ट सांगितले. मी तिला बसवून घेतले आणि घडले ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खाल्लो ना मगे?" नाही म्हटल्यावर तिने खिडकीतल्या सुकलेल्या रताळ्याकडे पाहिले, पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढून त्याच्यापुढे ठेवला, आणि शाळेत करांदे कमी पडतात का, अशी चौकशी करून गेली.

आयर्लंडमध्ये ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्री सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. तेथून अमेरिकेत गेलेल्या लोकांना भोपळा मिळाला आणि सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. आज तो भोपळा दूरचित्रवाणीवरून आमच्या मुलांपर्यंत पोहोचला आहे, आणि 'सर, आपणही भोपळा कोरूया' असे दरवर्षी कोणीतरी म्हणतोच. माझी हरकत नाही. कोरलेला गर फुकट न घालवता त्याचे गूळ-खोबरे घालून भरीत करावे एवढीच अट. परदेशी भूत आमच्या पंगतीला बसणार असेल तर बसो. पण कारीट कसले असते हे ज्याला सांगता येत नाही त्याने आधी बांधावर जावे.

आणि बांधच आता शोधावे लागतात. डिचोलीकडे खाणींच्या मातीचे डोंगर शेतांच्या कडेपर्यंत आलेले. पेडण्यात मोपाच्या पठारावर जेथे गुरे चरत, तेथून २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उडतात. गेल्या वर्षी आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन कारिटे शोधायला निघालो. दीड तासात तीन वेली सापडल्या: एक पडक्या कुंपणावर, एक स्मशानाच्या वाटेला, आणि तिसरी त्याच साकवाच्या पलीकडे. तिसरी त्या आजीच्या नातवाने दाखवली. तो मोठ्या मुलांच्या मागे लागून आला होता. साकवावरून तो पुढे गेला, सर्वांच्या आधी, मधल्या फळीवर थांबून एकदा उजवीकडे वळून त्याने कोणाला तरी हात केला, आणि पलीकडे जाऊन खिसे भरू लागला.