गोळी कुठल्या दिवशी चुकते?

रुग्णाच्या लक्षात औषधाचं नाव राहत नाही. काही वर्षांनी एसटी स्टँडवर अचानक गाठ पडते तेव्हा तो भलतंच काही आठवणीनं सांगतो. ‘तुम्ही पाठीला हात लावून बघितलं होतं.’ ‘त्या बारक्या डॉक्टरीणबाईंनी सुई टोचायच्या आधी सांगितलं, काका, आता जरा दुखेल.’ ‘माझ्या पोरीला बाजूला बसवून सगळं समजावलंत, म्हणून ती सावरली.’ सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात आयुष्य काढल्यावर अशी वाक्यं पुष्कळ जमतात. ऐकणाऱ्याला वाटतं, डॉक्टरच्या चांगुलपणाचं कौतुक चाललंय. मला मात्र त्यात कसबाची नोंद ऐकू येते. पाठीला हात लावला होता तो फुप्फुसाच्या तळाशी पाणी साठलंय का, हे बोटांनी ठोकून बघण्यासाठी. सुईच्या आधी सांगितलं म्हणून काकांनी दंड आखडला नाही आणि शीर पहिल्याच टोचणीत मिळाली. रुग्णाला जी आपुलकी जाणवते आणि डॉक्टरच्या हाती जी माहिती लागते, ती बहुतेक वेळा एकाच हालचालीतून येते. नव्या मुलांच्या डोक्यात मात्र या दोन गोष्टींचे दोन कप्पे असतात: आधी निदान, आणि वेळ उरला तर माणुसकी. ही विभागणी मला मान्य नाही.

नाडीचंच बघा. बोटाला चिमटा लावला की ठोके आणि ऑक्सिजन दोन्ही पडद्यावर दिसतात, मग मनगट धरायचं कशाला, असं हाऊसमन विचारतात. नाडी मोजताना अर्धं मिनिट तो हात माझ्या हातात असतो. तेवढ्यात तळवा गार आहे की ओलसर-गरम, हे कळतं. बोटं पसरायला सांगितली की थरथर दिसते. गरम घामट तळवा, बारीक थरथर आणि पळती नाडी एकत्र आली की थायरॉइडची शंका घ्यायची. नखं पांढुरकी आणि चमच्यासारखी खोलगट असतील तर लोह कमी आहे, आणि बऱ्याच दिवसांपासून कमी आहे. टोकं गदेसारखी फुगली असतील तर छातीचा फोटो आजच काढायचा. आमच्या सांगली-मिरजेच्या पट्ट्यात उजव्या तर्जनीच्या टोकावर मिश्रीचा काळपटपणा असतो; तो दिसला की तोंड उघडून गालाच्या आतली बाजू बघायची. तळव्याला कोयत्याचे घट्टे आहेत, म्हणजे बाई ऊसतोडीला जाते, म्हणजे ती पुढची तारीख पाळू शकेल की टोळीबरोबर कारखान्याच्या फडावर असेल, हा प्रश्न तिथंच उभा राहतो. तिला यातलं काहीच माहीत नसतं. डॉक्टरांनी हात हातात घेतला, एवढंच ती घरी जाऊन सांगते, आणि तिचं म्हणणं खरंच असतं.

ऐकण्याचंही तसंच. खेड्यातला माणूस आजाराची गोष्ट लांबून सुरू करतो. लग्न, पाऊस, भावकीतली भांडणं असं करत करत तो तापाशी येतो. ओपीडीच्या रांगेत त्याला मध्येच तोडायची सवय सगळ्यांनाच लागते. अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली डॉक्टर-रुग्णांचे संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला थांबवतात असं आढळलं. आमच्याकडची गर्दी पाहता आम्ही त्याहून उशिरा थांबवत असू, असं मला वाटत नाही.

जतकडचा एक शेतकरी आला होता. दीड महिना ताप, संध्याकाळी चढायचा, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, आणि कंबर धरलेली. बरोबरच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा. विडाल तपासणी झालेली, टायफॉइड म्हणून दोनदा औषधं झालेली, सलाईनं लावून झालेली. मी विचारलं, काय होतंय? तो म्हणाला, ‘डाक्टर, हे सगळं म्हशीपासनं सुरू झालं बघा.’ शेजारी बसलेली आमची रेसिडेंट हुशार मुलगी. केसपेपर पुढं ओढून ती म्हणाली, ‘काका, म्हशीचं राहू द्या, ताप नेमका कधीपासून?’ मी तिला हातानंच थांबवलं आणि त्याला म्हटलं, म्हशीचं सांगा.

म्हैस सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली होती. जार पडेना. जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेला. यानंच कोपरापर्यंत हात घालून जार ओढून काढला. हाताला खरचटलेलं होतं, कडब्यानं. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप. एवढं सांगून तो गप्प झाला आणि आमची रेसिडेंट लिहायची थांबली. ब्रुसेल्लाचे जंतू गाभडलेल्या जनावराच्या वारेत खच्चून भरलेले असतात, हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतंच. रक्ताची ती तपासणी तोवर कुणी सांगितलीच नव्हती. ती केली, पॉझिटिव्ह आली. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन अशा दोन औषधांचा सहा आठवड्यांचा कोर्स दिला. घरात धारोष्ण दूध कोण कोण पितं, हेही मग विचारावं लागलं, आणि त्याच्या बायकोचंही रक्त तपासलं. निदान त्यानंच आणलं होतं. आम्ही ते ऐकून घेतलं.

अशा वेळी मी विद्यार्थ्यांना एक जुना अभ्यास सांगतो. ब्रिटनमध्ये १९७५ साली हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ओपीडीत नव्यानं आलेल्या ८० रुग्णांचा मागोवा घेतला. त्यांपैकी ६६ जणांचं अखेरचं निदान नुसती हकीकत ऐकून झालं होतं. तपासण्या नंतर सुधारल्या, स्कॅन आले, आणि त्यांनी माणसं वाचवली हे मी रोज बघतो. पण कुठला स्कॅन मागायचा, हे अजूनही रुग्णाच्या बोलण्यावरूनच ठरतं.

वेळ नाही, हे उत्तर मला रोज मिळतं आणि ते खोटं नाही. तरी वेळ आणि लक्ष एकच नव्हेत. वॉर्डात प्रत्येक खाटेजवळ एक लोखंडी स्टूल असतं. त्यावर नातेवाइकांची पिशवी, पाण्याची बाटली, डब्यातली उरलेली चपाती. राऊंडला मी पिशवी खाली ठेवून त्यावर बसतो. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर याचा अभ्यास झाला आणि २०१२ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर बसून बोलले तेव्हा ते सरासरी एक मिनिटभरच थांबले होते, पण रुग्णांना ते पाच मिनिटांहून जास्त वाटलं. उभ्यानं बोलताना डॉक्टर खरं तर थोडे अधिक थांबले होते, तरी रुग्णांना तो वेळ कमी वाटला. बसल्यानं आणखी एक होतं, जे या अभ्यासात नाही: बसलं की डॉक्टरचे डोळे रुग्णाच्या मानेच्या उंचीला येतात, आणि हृदय थकलेल्या माणसाची मानेची फुगलेली शीर तिथूनच नीट दिसते.

हृदय थकलेल्यांपैकीच एक आजी. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या. पाय सुजायचे, धाप लागायची, दाखल व्हायच्या; लघवीचं इंजेक्शन दिलं की चार दिवसांत सूज उतरायची; घरी गेल्या की महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. केसपेपरवर दरवेळी एकच शेरा: औषध नियमित घेत नाही. हा शेरा मला आवडत नाही. त्यात सगळा दोष रुग्णाच्या माथी जातो आणि डॉक्टरचा प्रश्न तिथंच संपतो. आजींना आधी विचारलं होतं, गोळ्या घेता ना? त्यांनी मान हलवली होती. गोळ्या घेता का, या प्रश्नाला आपल्याकडे कुणीही नाही म्हणत नाही. डॉक्टरचा मान राखायचा असतो. म्हणून मी विचारतो, ‘आजी, गोळी कुठल्या दिवशी चुकते?’ प्रश्नातच चुकणं गृहीत धरलं की सांगणाऱ्याला ओशाळं वाटत नाही.

त्या म्हणाल्या, ‘बाजाराच्या दिवशी रं. पाच गावचं बाजार करती मी. ती लघवीची गोळी खाल्ली की दर घटकंला उठाया लागतं. बाजारात बायामाणसांनी जायचं कुठं? आन पाटी कुणाच्या भरवशावर टाकू?’

आठवड्यातले पाच दिवस गोळी चुकत होती. तोंडानं घेतलेली फ्रुसेमाइडची गोळी तासाभरात काम सुरू करते आणि सहा-आठ तासांत तिचा जोर ओसरतो. ती सकाळीच घ्यायला सांगायची आपली पद्धत, कारण रात्री झोपमोड नको. आजींची एसटी चारच्या सुमाराला गावात पोचायची. ठरलं, घरी आल्यावर पहिल्यांदा गोळी, मग चहा. रात्री एकदा उठावं लागेल, म्हटलं. ‘रातीचं चालतंय, घरातच हाय की मोरी,’ म्हणाल्या. मिठाचं विचारलं तर भाजीबरोबर खारातली मिरची आणि लोणचं निघालं. तेही बोलून झालं, पण तिथं मी पूर्ण जिंकलो नाही. त्यानंतर आजी दाखल व्हायच्या बंद झाल्या, ओपीडीत मात्र येत राहिल्या, आणि येताना शेपूची जुडी आणत राहिल्या. गोळी तीच होती आणि मात्राही तीच. तिच्या वेळेला आजींच्या दिवसात जागा मिळाली, एवढाच फरक पडला. मोठ्या रुग्णालयांच्या जाहिरातीत हल्ली ‘पर्सनलाइज्ड केअर’ म्हणून जनुकांच्या तपासण्या दिसतात. त्या येऊ देत, त्यांची गरज आहे. पण माणूस कुठं राहतो, काय उचलतो, त्याला औषध कोण देतं आणि लघवीला तो कुठं जातो, हे विचारायला कुठलीही तपासणी लागत नाही.

या बाबतीत महाराष्ट्रातला सर्वांत मोठा धडा मला महाडजवळच्या बिरवाडीत दिसतो. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं, पोरं, फुप्फुसात पाणी भरून मरत होती. ना अतिदक्षता विभाग, ना यंत्रं. बावस्करांनी काय केलं? ते रुग्णांच्या उशाशी बसले. रात्र-रात्र बसून कधी उलटी झाली, घाम कधी सुटला, हातपाय गार कधी पडले, पुरुष रुग्णाचं लिंग ताठर कधी झालं, हे तासातासाला टिपून ठेवलं. हीच लक्षणं पुढच्या धोक्याची सूचना देतात, हा त्यांचा निष्कर्ष १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. पुढं त्यांनी प्रॅझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरली, आणि त्यांच्या नोंदींप्रमाणे गंभीर रुग्णांमधले ४० टक्क्यांच्या घरातले मृत्यू एका टक्क्यापर्यंत खाली आले. त्या रात्री उशाशी बसलेल्या डॉक्टरकडे बघून आईबापांना धीर आला असेल, यात शंका नाही. आणि त्याच बसण्यातून जगभर वापरलं जाणारं उपचारशास्त्र तयार झालं.

एकट्या डॉक्टरनं लक्ष देऊन मात्र भागत नाही. इमारतसुद्धा तशी असावी लागते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गोंड आदिवासींना विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना थांबू देत नाहीत, आणि आम्ही प्रेताला गुंडाळतो तसल्या पांढऱ्या कपड्यांत डॉक्टर-नर्स फिरतात, अशी उत्तरं आली. मग शोधग्रामचा माँ दंतेश्वरी दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला, जिथं घरची माणसं रुग्णाजवळ राहू शकतात. आमच्या वॉर्डात आम्हाला भिंती बदलता येत नाहीत. पण ‘बारा नंबरच्या खाटेचा पेशंट’ असं राऊंडला म्हणायचं नाही, एवढं आमच्या युनिटनं ठरवलंय. मामा-मावशी, म्हणजे आमचे वॉर्डबॉय आणि आयाबाई, हे आमच्या आधीपासून पाळत आले आहेत. कुणाला मुलगा नाही, कुणाला चहा सोसत नाही, कोण रात्री रडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. राऊंड सुरू करण्याआधी मी रात्रपाळीच्या मावशींना विचारतो. त्यांनी सांगितलेलं अनेकदा नर्सिंग चार्टवर नसतं.

आणि यातला सगळ्यात अवघड भाग रेसिडेंटचा आहे. लक्ष द्यायला जागा मेंदू लागतो. रेसिडेंट डॉक्टरांच्या कामाची मर्यादा आठवड्याला ४८ तास असावी, असे केंद्र सरकारचे निर्देश १९९२ सालचे आहेत. प्रत्यक्षात सलग दीड-दोन दिवसांच्या ड्युट्या आजही लागतात. छत्तीस तास जागं असलेल्या मुलीनं नातेवाइकांशी गोड बोलावं, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. तरी तसं बोलायचं काम नेमकं तिच्याच वाट्याला येतं, तेही कॉरिडॉरमध्ये, उभ्यानं, दहा माणसांच्या घेऱ्यात. डॉक्टरांवर हात उचलला जातो त्याबद्दल राज्यात २०१० पासून कायदा आहे आणि तो हवाच. पण माझ्या पाहण्यातली बहुतेक भांडणं, रात्रभर कुणीच काही सांगितलं नाही म्हणून सकाळी पेटली आहेत.

म्हणून आमच्या युनिटमध्ये इमर्जन्सीनंतरच्या सकाळी नातेवाइकांशी मी बोलतो. सिस्टरांच्या खोलीत चार खुर्च्या ठेवल्यात. गंभीर रुग्णाच्या घरचे दोघं आत येतात, ज्यातला एक घरात निर्णय घेणारा आणि दुसरा रात्री उशाशी बसलेला. आधी त्यांना काय माहीत आहे ते विचारतो, मग मला काय माहीत आहे ते सांगतो, आणि पुढची भेट किती वाजता ते ठरवून देतो. रात्रभर जागलेली रेसिडेंट तेवढ्या वेळात होस्टेलवर जाऊन झोपते.