अक्रोडाच्या वाट्या आणि माझा उजवा कान

तर मंडळी, शेवटी घेतला एकदाचा! दोन वर्षं ज्याचे फोटो रात्री झोपताना बघून उसासे टाकत होतो, तो लाकडी हेडफोन गेल्या महिन्यात घरी आला. मेझे 99 क्लासिक्स. किंमत इथे लिहीत नाही, कारण बायको हे वाचते, आणि तिला सांगितलेला आकडा जरासा 'राउंड डाऊन' केलेला आहे.

ही रुमानियातल्या बाया मारे गावची कंपनी. हे मॉडेल 2015 मध्ये आलं, म्हणजे काही नवं नाही, पण माझ्यासाठी नवंच. कानावर बसणाऱ्या दोन्ही वाट्या अक्रोडाच्या लाकडातून कोरलेल्या. डोक्यावरची पट्टी स्प्रिंग स्टीलची. वजन 260 ग्रॅम, म्हणजे पाव किलोच्या जरासं वर. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे, की सगळं स्क्रूवर जोडलेलं, खोलून हवा तो पार्ट बदलता येतो. सॉफ्टवेअरवाल्याला असलं काही दिसलं की भरून येतं. आमच्या कोडमध्ये एक गोष्ट काढायला गेलं की चार गोष्टी हातात येतात.

बाबांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला, वाटीवरून अंगठा फिरवला. बाबा 30 वर्षं वालीवच्या एका कारखान्यात टर्नर होते. म्हणाले, "फिनिशिंग चांगलं आहे. लाकूड कुठलं?" आवाज कसा आहे, ते काही विचारलं नाही.

आवाज कसा आहे, ते मी सांगतो. पहिल्या दिवसाचं मत: खालचे सूर भरघोस, कधीकधी गरजेपेक्षा जरा जास्तच. डग्ग्याची घुमक पोटात जाणवते. गायकाचा आवाज जवळ येतो, मऊ वाटतो. तासभर ऐकूनही डोकं दुखत नाही. दोष? आहेत ना. डोक्यावरच्या स्टीलला बोट लागलं की ते भजनातल्या चिपळ्यांसारखं किणकिणतं. वायर शर्टाला घासली की तेही कानात येतं. थोडक्यात काय, हेडफोन घालून पुतळ्यासारखं बसायचं.

आता लाकडाबद्दल. मला वाटायचं, लाकडी म्हणजे आपल्या तानपुऱ्यासारखं काहीतरी, लाकूड घुमतं म्हणून गोड लागतं. मिरजेच्या कारागिरांचा तानपुरा (2024 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं) भोपळा आणि लाकडाचा असतो, आणि तिथे त्यांनी घुमावं हाच हेतू असतो. हेडफोनमध्ये मात्र उलटं आहे. गातो तो आतला छोटासा पडदा. वाटीने शक्यतो गप्प बसायचं, स्वतःचं काही मिसळायचं नाही. वाटीचा आकार, आतली हवा, कानावरच्या गाद्या, यांचाच आवाजावर परिणाम जास्त. लाकूड बरंचसं डोळ्यांसाठी आणि बोटांसाठी. असो. डोळ्यांनीही ऐकतोच की आपण :)

खरी गंमत झाली रविवारी सकाळी. माणिकपूरच्या चर्चची घंटा वाजून गेली होती, पाववाला येऊन गेला होता, घर शांत होतं. म्हटलं, आता जुनं काहीतरी लावू. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लावली, 1930 च्या दशकातली, 78 आरपीएमच्या तबकडीवरची. खाँसाहेब मिरजेचे, 1937 साली गेले. तो टोकदार, रडवेला आवाज बरोब्बर डोक्याच्या मध्यभागी आला. काटा आला अंगावर.

पण तबकडीची खरखर... ती डावीकडे होती.

हे विचित्र होतं. ही रेकॉर्डिंग्ज मोनो. म्हणजे डाव्या आणि उजव्या कानात तंतोतंत एकच आवाज जातो. सगळं मधोमध ऐकू यायला हवं, गाणंही आणि खरखरही. मला वाटलं, गेले पैसे, उजवी बाजू डिफेक्टिव्ह आली. मग वाटलं, नवा आहे, काही लोक म्हणतात शंभर तास वाजवल्यावर आवाज 'उघडतो', थांबून बघू. पण सवयीने हात शिवशिवायला लागले. डिबगिंगचा पहिला नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला.

हेडफोन उलटा घातला. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. खरखर आता उजवीकडे गेली, तर दोष हेडफोनचा.

खरखर डावीकडेच राहिली.

जुने इयरफोन काढले. तेच. बायकोच्या कानाला लावलं. ती म्हणाली, "मध्येच तर आहे. चहा घेणारेस का?"

बग हेडफोनमध्ये नव्हता. बग माझ्या उजव्या कानात होता.

आठवडाभर टाळाटाळ करून शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या, ऐकू आलं की बटण दाबायचं. मग आलेख पुढे ठेवला. डावा कान ठीक. उजव्याची रेषा सरळ चालत आलेली आणि 4000 हर्ट्झला खड्ड्यात पडल्यासारखी खाली. पुढे पुन्हा वर. डॉक्टरांनी विचारलं, "कारखान्यात काम करता का?"

म्हटलं, नाही हो, कॉम्प्युटरवर.

"मग गाणी ऐकता? मोठ्याने?"

मोठ्याने म्हणजे... अकरा वर्षं वसई ते अंधेरी लोकल. कायम एकच इयरफोन, उजव्या कानात, कारण डावा कान ग्रुपच्या गप्पांसाठी मोकळा लागतो. ऑफिसचे कॉलही त्याच कानात. नायगाव सुटलं की खाडीचा पूल येतो. तिथे गाडी अशी धडधडते की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मी काय करायचो? आवाज दोन घरं वाढवायचो. आणि पूल संपल्यावर तो कमी करायला कोणाच्या लक्षात राहतं?

गणित साधं आहे आणि मला ते आधी माहीत असायला हवं होतं. कामाच्या ठिकाणी 85 डेसिबलला दिवसाला 8 तासांची मर्यादा धरतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2, आणि 100 ला जेमतेम 15 मिनिटं. अंधेरी येईपर्यंत 15 मिनिटं केव्हाच होऊन जातात. कानाच्या आतल्या शंखात सुमारे 15 हजार केसपेशी असतात. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यांचा बॅकअप नाही, स्पेअर पार्ट नाही. तिथे स्क्रू नाहीत.

घरी आलो तर हॉलमध्ये टीव्ही गडगडत होता. रोजच्यासारखं तोंडात आलं होतं, "बाबा, कमी करा, खाली पार्किंगपर्यंत ऐकू जातंय." वर्षानुवर्षं हेच बोलत आलो. त्या दिवशी आलेख हातात होता आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न कानात होता. ज्या कारखान्याच्या पगारावर मी इंजिनिअर झालो, त्याने बाबांच्या कानातून काय घेतलं, हे कधी मोजावंसं वाटलं नव्हतं. मी मात्र तोच खड्डा फुकटात, हौसेने, स्वतःच्या बोटाने करून घेतला.

पुढच्या शनिवारी बाबांनाही घेऊन गेलो. त्यांचा खड्डा दोन्ही कानांत आहे, माझ्याहून खोल. कानाच्या मशीनचं बघतोय. "एवढं काही नाही रे" म्हणतायत, पण आले.

हेडफोन ठेवलाय, परत करणार नाही. दारं-खिडक्या लावून ऐकतो, आवाज अर्ध्याच्या खाली, आणि लोकलमध्ये आता दोन्ही कान मोकळे. खरखर अजून डावीकडेच आहे. ती तिथेच राहणार.

काल बाबांना तो लावून दिला, खाँसाहेबच. त्यांनी स्वतःच आवाज वाढवला. मी काही बोललो नाही. डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं, मग वाटी हातात घेऊन पुन्हा अंगठा फिरवला आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, "लाकूड अक्रोडाचं म्हणालास ना?"

तुम्हीही एकदा करून बघा. कुठलंही जुनं मोनो गाणं, आणि हेडफोन उलटा. दोन मिनिटांचं काम आहे.